शेवाळाचं खाणं तोडा: समुद्रापासून दूर, घरातल्या खाऱ्या टाकीसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावहून समुद्र दोन्ही बाजूंनी लांब. पश्चिमेचा अरबी समुद्र घ्या की पूर्वेकडचा बंगालचा उपसागर, सरळ रेषेत मोजलं तरी अंतर ५०० किलोमीटरच्या पुढेच जातं. तरीही विहिरी, बोअर आणि बेंबळा धरणाच्या या तालुक्यात घरच्या बैठकीत समुद्राचे मासे पाळणं आता अशक्य नाही. टाकीसाठीचं समुद्री मीठ घरपोच मिळतं, एलईडी दिवे आवाक्यात आले आहेत, आणि केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त पैदाशीचं तंत्र बसवल्यापासून समुद्रातून न पकडलेले, टाकीतच जन्मलेले मासे देशात उपलब्ध होऊ लागले आहेत.

अडतं ते शेवाळाशी. नवी टाकी लागते, तीन-चार आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस लोंबू लागतात. मग दुकानदाराला फोन होतो, बाटलीतलं औषध येतं, त्याने झिंगे मरतात आणि शेवटी रिकामी टाकी माळ्यावर जाते. हे टाळता येतं. शेवाळ मारण्याच्या मागे न लागता त्याचं खाणं तोडायचं, एवढं सूत्र धरून ठेवलं तर बाकीची कामं आपोआप क्रमाने लागतात. आणि बाभुळगावसारख्या गावात हे खाणं सगळ्यात आधी येतं पाण्यातून.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, अमरावती, बुलढाणा यांच्यासोबत यवतमाळचंही नाव आहे. कपाशीला दिलेला युरिया, गावालगतचे उकिरडे, घरांचे शोषखड्डे, या सगळ्यांतून नायट्रेट झिरपत विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेत बसणारं पाणी घरातल्या मोठ्या माणसाला चालतं. खाऱ्या टाकीला ते चालत नाही, आणि का चालत नाही हे साध्या हिशेबाने कळतं.

समजा टाकी २०० लिटरची आहे. उन्हाळ्यात पंखा लावला की दिवसाला चार लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ, नायट्रेट, सिलिका सगळं मागे राहतं. ही तूट ४५ मिलिग्रॅमच्या पाण्याने भरली तर रोज १८० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत पडलं. २०० लिटरमध्ये ते रोजचं ०.९ पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) होतं, महिन्याचं २७. बहुतेक अनुभवी पाळक खाऱ्या टाकीत नायट्रेट २ ते १० पीपीएमच्या दरम्यान ठेवतात. म्हणजे माशांना एक दाणाही न घालता, नुसती तूट भरूनच महिन्याभरात टाकी शेवाळाच्या हवाली होते.

‘पण आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तर लगेच येतं. स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. त्यात चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळलं जातं. काही यंत्रांत वरून खनिजंही घातली जातात. शिवाय आरओचा पडदा इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवतो. म्हणून टाकीसाठी पाणी घ्यायचं ते पडद्यातून निघाल्याबरोबर, कंट्रोलरच्या आधी वेगळी नळी काढून. त्या नळीच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय (डीआयोनायझेशन) रेझिनचा डबा जोडायचा. डीआयमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस शून्य यायला हवा, एखाद-दुसरा अंक फार तर. टीडीएस मीटर पेनाएवढा असतो आणि या छंदात त्याच्याइतकी उपयोगी खरेदी दुसरी नाही. गावात मिळणाऱ्या थंड पाण्याच्या कॅनवर भरवसा ठेवू नये. प्रत्येक प्लांटचा आकडा वेगळा, कधी कधी त्याच प्लांटचा दर आठवड्याला वेगळा.

टाकी अगदी लहान असेल, चाळीस-पन्नास लिटरची, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरही चालतं. मात्र प्रत्येक कॅन मीटरने तपासावा आणि ज्या कॅनमध्ये पूर्वी ॲसिड होतं तो घरात आणूच नये.

नव्या टाकीत वाळू, दगड, काच सगळ्यावर बसणारा तपकिरी भुसा म्हणजे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि आपल्याकडची जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची. हा खडक झिजताना सिलिका भूजलात विरघळते. डीआय रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि तिच्यावर विद्युतभार जवळपास नसल्याने टीडीएस मीटरला तिचा पत्ता लागत नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि तपकिरी थर मात्र परत परत येतोय, असं झालं तर रेझिन बदलावं. टाकी पहिल्या दोन महिन्यांतली असेल तर बदलायचीही घाई नको. वाळूतली सिलिका संपली की डायटम बहुधा स्वतःहून ओसरतात. या काळात थर नळीने ओढून घ्यायचा आणि वाट पाहायची, एवढंच.

पाण्याखालोखाल येतं खाद्य, आणि इथे प्रेमापोटी चूक होते. कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्य घातलं तर १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरच्या टाकीत ते ०.१५ पीपीएम झालं. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये राखावं असं सर्वसाधारणपणे मानतात. वाढ पूर्ण झालेला मासा खाल्लेल्यातला बराच फॉस्फरस विष्ठेतून परत देतो, म्हणून ‘माशांनी सगळं खाल्लं’ यात समाधान मानण्यासारखं काही नाही. दोन क्लाउनफिशना चिमटीतली चिमूट पुरते. गोठवलेलं खाद्य गाळणीत घेऊन धुवावं आणि त्याचं पाणी टाकीत ओतू नये. घरात मुलं असतील तर खाद्य घालण्याची जबाबदारी एकाच माणसावर ठेवावी. दिवसातून तिघांनी थोडं थोडं घातलं की तीन दिवसांचं होतं.

अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून केलेल्या अभ्यासातून एक प्रमाण पुढे आलं: समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींत नायट्रोजनच्या सुमारे सोळा अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू असतो. टाकीवाल्याने यातून घ्यायचं ते हे की शेवाळाला फॉस्फरस फारच थोडा पुरतो. म्हणून फॉस्फेटचा आकडा दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत दाखवणारा चाचणी संच घ्यावा; रंग जुळवून ‘अर्धा की एक’ सांगणारे संच इथे कामाचे नाहीत. आणखी एक मेख आहे. दगड हिरवे झालेले असताना नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य येऊ शकतात, कारण पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकतं. अशा वेळी संचातल्या आकड्यापेक्षा डोळ्यांना दिसतं ते खरं मानावं.

उपाय ठरवण्याआधी समोर काय आहे ते ओळखायला हवं, कारण शेवाळ म्हणून ज्याला शिव्या बसतात त्यातलं सगळं शेवाळ नसतं. वाळूवर लालसर-जांभळी साय चढली, तिच्यात बुडबुडे अडकले आणि बोटाने ती चादरीसारखी उचलली गेली, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पाणी जिथे साचून राहतं तिथे ते जोमाने वाढतात. पॉवरहेडची, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची, दिशा बदलून त्या कोपऱ्यात प्रवाह आणावा, साय नळीने ओढून काढावी, खाद्य कमी करावं. काही जण यावर माणसांची अँटिबायोटिक गोळी विरघळवतात. तसं करू नये. टाकीचं पाणी स्वच्छ ठेवणारेही जिवाणूच असतात आणि गोळी त्यांना वेगळं काढत नाही.

तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकाला बुडबुडा, रात्री गायब आणि दुपारपर्यंत परत हजर: हे डायनोफ्लॅजेलेट. यांच्याबाबतीत सगळे नियम उलटे होतात. पाणी फार ‘स्वच्छ’ झालं, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेऊन ठेवलं, की मोकळ्या जागेवर हे येतात. तेव्हा पाणी बदलणं थांबवायचं, खाद्य थोडं वाढवायचं आणि आकडे शून्याच्या वर आणायचे. यातल्या काही जाती विषारी असतात, त्यांच्यामुळे गोगलगायी मरतात. हातमोजे घालूनच काम करावं. गुलाबी-जांभळा, दगडासारखा टणक थर दिसला तर तो खरवडू नये. ते कोरलाइन शेवाळ, टाकी स्थिरावल्याची खूण, आणि ते जिथे बसतं तिथे हिरव्याला जागा मिळत नाही.

राहिलं ते हिरवं केसाळ शेवाळ, बहुतेकांची खरी डोकेदुखी. त्याच्यासाठी हात ओले करावेच लागतात. कपाशीत निंदण केल्याशिवाय तण हटत नाही, तसं इथेही उपटल्याशिवाय भागत नाही. पंप बंद करावा म्हणजे तुटलेले तुकडे टाकीभर पसरणार नाहीत. एका हाताने शेवाळ मुळापासून पिळून उपटावं, दुसऱ्या हातात पाणी उपसणारी नळी त्याच जागी धरावी. नाहीतरी पाणी बदलायचंच असतं, ते याच निमित्ताने बदललं जातं. सुटा दगड बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात घेऊन नव्या टूथब्रशने घासावा. उपटलेल्या शेवाळासोबत त्याने साठवलेला नायट्रोजन आणि फॉस्फरसही टाकीबाहेर जातो. शेवाळ टाकीतच मेलं तर तेच खत पुन्हा पाण्यात मिसळतं. औषधाने शेवाळ मारण्याचा मार्ग फसतो तो इथेच.

पाणी बदलण्याचा हिशेबही आधी समजून घेतला तर निराशा होत नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं आणि नवी भर काहीच पडली नाही, तरी ५० पीपीएमचा नायट्रेट चार आठवड्यांनी ३३ च्या आसपास येतो. महिन्यात टाकी चकाचक करून देण्याची हमी कोणी देत असेल तर खिशात हात घालू नये. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, पंपाने ढवळून, क्षारता आणि तापमान जुळवूनच घालावं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ. हे मीठ टाकीसाठी बनवलेलंच हवं. किराणा दुकानातलं खडे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, त्यात समुद्राचं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.

शेवाळ नको असेल तर शेवाळच वाढवा, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो. पण घरगुती टाकीसाठी यापेक्षा टिकाऊ तोडगा सापडणं कठीण. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी समुद्री परिसंस्थांच्या टाक्या चालवताना पाणी शुद्ध करण्याचं काम शेवाळावरच सोपवलं. जाळीवर पाण्याचा पातळ पडदा सोडायचा, वर प्रखर दिवा लावायचा, जाळीवर शेवाळ दाट आलं की खरवडून फेकायचं. घरी हेच काम संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, किंवा काठाला लटकवलेल्या लहान डब्यात करता येतं. डब्यात केटोमॉर्फा ठेवावं, म्हणजे गुंतलेल्या हिरव्या दोऱ्याच्या भेंडोळ्यासारखं दिसणारं समुद्री शेवाळ. त्याच्या दिव्याची वेळ टाकीच्या उलट ठेवावी, टाकीत रात्र तेव्हा डब्यात दिवस; त्यामुळे रात्री पाण्याचा पीएचही फार उतरत नाही. भेंडोळं वाढलं की अर्धं काढून टाकावं. खाणं तेच, पण ते आता आपण ठरवलेल्या जागी खाल्लं जातं. सोबत पाण्यातली सेंद्रिय घाण फेसातून बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर असेल तर उत्तम. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे वापरायचे तर सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या भागापासून सुरुवात करावी, कारण फॉस्फेट एकदम कोसळलं तर प्रवाळांना धक्का बसतो आणि डायनोफ्लॅजेलेटला रान मोकळं मिळतं.

दिवा दिवसातून आठ तासांपेक्षा जास्त नको आणि तो टायमरवर असावा. बैठकीतल्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट टाकीवर येत असेल तर टाकी तिथून हलवावी; एकही उपाय त्या उन्हापुढे टिकत नाही.

गोगलगायी आणि खेकडे ही मदतनीस मंडळी. त्यांना लांब केस खाता येत नाहीत, फुटवा खाता येतो. म्हणून आधी उपटायचं आणि मगच ट्रोकस किंवा टर्बो गटातल्या गोगलगायी सोडायच्या, ५० लिटरला एक-दोन, याहून जास्त नाही. शेवाळ संपल्यावर जास्तीच्या गोगलगायी उपाशी मरतात आणि त्यांची सडण पुन्हा शेवाळाला खाऊ घालते. शेवाळ खातो म्हणून सर्जनफिश आणणं हा त्या माशावर अन्याय आहे. तो फूटभर वाढतो आणि २०० लिटरच्या टाकीत आयुष्यभर कोंडला जातो.

खरेदी करताना कायदा लक्षात असू द्या. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले. काही मोठे शंख आणि गोगलगायीही संरक्षित यादीत आहेत. हे संरक्षण मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यालाही लागू आहे. मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ सालीच सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथून सहलीची आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा दगड घरच्या टाकीत ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. त्याने टाकीचंही भलं होत नाही. चुनखडीचे असे दगड फॉस्फेट पोटात साठवतात आणि महिनोन् महिने हळूहळू सोडत राहतात. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा टाकीसाठी बनवलेले कृत्रिम दगड घ्यावेत. त्यांवर जिवाणू तितकेच छान रुजतात.

आता या भागापुरती खास सूचना, आणि ती सगळ्यात गंभीर आहे. शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असतो. संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण त्याचंच होतं, आणि पाण्यातलं शेवाळ मारायलाही तो वापरतात. खाऱ्या टाकीत त्याचा खडाही पडता कामा नये. तांबं गोगलगायी, खेकडे, झिंगे आणि प्रवाळ यांना मारतं, दगडात मुरून बसतं आणि नंतरही सुटत राहतं. फवारणीच्या औषधांचं तर नावच नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाला झोपवणारं ते विष झिंग्या-खेकड्यांसाठी कितीतरी पटींनी घातक असतं, कारण कीटक आणि खेकडे एकाच संधिपाद संघातले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या फवारणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच टाकीत हात घालावा. फवारणीसाठी कधीही वापरलेली बादली टाकीच्या कामाला घेऊ नये. घरात डासांची कॉइल किंवा फवारा लावायचा झाला तर टाकीला हवा देणारा एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांब करावी.

उन्हाळ्याचंही नियोजन लागतं. बाहेर ४५ अंश असताना टाकीचं पाणी २७ च्या खाली ठेवणं पंख्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. पंखा दोन-चार अंश उतरवतो, पुढे चिलर किंवा वातानुकूलित खोली हवी. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात तासन्‌तास वीज गेली तर दगडातले जिवाणू मरू लागतात, अमोनिया चढतो आणि आठवड्याभराने शेवाळाचा नवा बहर येतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप म्हणूनच घरात असायलाच हवा. शेवाळ दडपण्यासाठी तीन दिवस टाकी झाकून अंधार करण्याचा उपायही मे महिन्यात करू नये. एकदम मेलेलं शेवाळ सडताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं.

उपटलेल्या शेवाळाचं आणि काढलेल्या पाण्याचं काय करायचं? खारं पाणी कुंडीत, परसबागेत किंवा विहिरीजवळ ओतू नये. मीठ मुरलेल्या जमिनीचं काय होतं हे अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना विचारावं. ते पाणी सांडपाण्याच्या गटारात, भरपूर साध्या पाण्यासोबत सोडावं. शेवाळ दोनदा धुऊन, वाळवून मगच खतात घालावं. टाकीतून निसटलेलं शेवाळ काय करू शकतं याचं उदाहरण युरोपात आहे. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयासमोरच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा लहानसा पट्टा आढळला, आणि पुढच्या काही वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन् मैल पसरलं. हेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलं तेव्हा ते निपटून काढायला सहा वर्षं लागली.

छंद सोडायची वेळ आलीच तर मासे आणि गोगलगायी यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या एखाद्या पाळकाला द्या. बेंबळेच्या जलाशयात काहीही सोडू नका. समुद्राचे मासे गोड्या पाण्यात तडफडून मरतात, आणि त्या धरणाचं पाणी लोक पितात.